कौल, माळवद आणि स्लॅब

सोसायटीची स्थापना, पहिली कमिटी, पाण्याच्या टाकीवरून झालेली भांडणं, गणपतीतली नाटकं याबद्दल या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच आहे. मी सगळी नोकरी बांधकामावर काढलेला माणूस. मला जो इतिहास सांगता येईल तो डोक्यावरच्या छपराचा. तसंही गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सभांचा सगळ्यात जास्त वेळ गच्चीनेच खाल्ला आहे. वरच्या मजल्यावरचे सभासद उन्हाळ्यात उकाड्याने हैराण आणि पावसाळ्यात गळतीने. तेव्हा लेख थोडा लांबला तर चालवून घ्या.

माझं मूळ घर वेल्ह्याचं, कानंद खोऱ्यातलं. दगडी जोतं, दगड-मातीच्या भिंती, पुढे ओटी, बाजूला पडवी, आत माजघर आणि वर कौलं. गोठ्याची बाजू कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. आपल्या मावळात पावसाचं प्रमाण असं की छपराला उतार हवाच. सपाट छपराचा विचार इथे कोणी केलाच नाही. आमच्या आजोबांच्या लहानपणी बऱ्याच घरांवर गवत होतं, कौलं नंतर आली. आपण ज्यांना मंगलोरी म्हणतो ती कौलं बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढून बनवायला सुरुवात केली आणि तिथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली.

कौलाचं छप्पर म्हणजे दर वर्षी मे महिन्यात शाकारणी, माकडांचा उच्छाद आणि जूनच्या पहिल्या पावसात घरभर मांडलेली पातेली. त्याचं कोणी फार कौतुक करू नये. पण दोन गोष्टी त्यात पक्क्या होत्या. एक, ते हलकं होतं. दुसरी, कौलांच्या फटींतून आणि आढ्याजवळून गरम हवा आपोआप वर निघून जायची. खाली माळा, माळ्यावर पेंढा आणि पोती, म्हणजे ऊन आणि माजघर यांच्यामध्ये आणखी एक थर. दुपारी माजघरात गारवा असे तो भिंतींच्या जाडीमुळे आणि या माळ्यामुळे.

भोर गावात याच घराचा मोठा अवतार म्हणजे वाडा. १८६९ साली बांधलेला पंतसचिवांचा राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय, निदान सिनेमात तरी. वाड्यात खरा भार घेतात ते लाकडी खांब आणि तुळया. एका तुळईपासून पुढच्या तुळईपर्यंतचा एक खण, वर कडीपाट. भिंत ही बरीचशी खणांच्या मधली भर. मधला चौक रात्री गार हवा धरून ठेवतो आणि दिवसा ती खोल्यांना पुरवतो. हे सगळं पाहून लोक म्हणतात, आपले पूर्वज किती हुशार, त्यांना सगळं ठाऊक होतं. मला हे वाक्य अर्धंच पटतं. उन्हापावसाचं त्यांना नक्कीच ठाऊक होतं, कारण ते दर वर्षी येतात. भूकंपाचं तसं नाही. जे दोनशे-चारशे वर्षांत एकदा येतं ते गवंड्याच्या पिढीजात ज्ञानात उतरत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या आत-बाहेर कोयनेचा धक्का बसला. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. आमच्या घरी फडताळातली भांडी खाली आली आणि गोठ्याच्या भिंतीला पोट सुटलं, एवढ्यावर निभावलं. कोयनानगरात जवळपास पावणेदोनशे माणसं गेली. तोवर सह्याद्री म्हणजे हजारो वर्षं न हललेला, स्थिर दगड अशीच समजूत होती, सामान्य माणसाची आणि शास्त्रज्ञांचीही. त्या एका पहाटेने देशाचा भूकंपाचा नकाशा नव्याने काढायला लावला. आज पुणे शहर तिसऱ्या विभागात येतं, कोयनेचा परिसर चौथ्यात, आणि आपण राहतो ते त्या दोहोंच्या मधे.

याच सुमाराला तिकडे रुरकीला भूकंपात घर का पडतं याचा शिस्तीने अभ्यास चालू होता. १९६० साली तिथल्या विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचं केंद्र निघालं होतं. तिथले प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांचं नाव आमच्या पिढीच्या बांधकामवाल्यांना ठाऊक असतं. मोठे पूल आणि धरणं यांच्यावर काम करणारे पुष्कळ असतात. आर्यांनी आयुष्याचा मोठा भाग घातला तो साध्या माणसाच्या विटा-दगडांच्या घरावर. त्यांच्याकडचा एक प्रयोग मला फार आवडतो. रुळांवर एक रेल्वेची वॅगन उभी करायची, तिच्यावर खऱ्याच्या अर्ध्या आकाराचं घर बांधायचं आणि दुसरी भरलेली वॅगन सोडून तिला धडक द्यायची. एक घर नेहमीच्या पद्धतीचं, दुसऱ्यात दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींभोवती फिरलेली काँक्रीटची सलग पट्टी आणि कोपऱ्यांत उभ्या सळया. पहिलं कोसळायचं. दुसऱ्याला तडे जायचे, पण ते उभं राहायचं. पेटीला दोरी बांधावी तशी ती पट्टी चारी भिंतींना एकत्र धरते. घर पडलं तरी चालेल, माणूस बाहेर निघाला पाहिजे, असा तो हिशोब. साध्या घरांसाठीची भारतीय संहिता, आय.एस. ४३२६, पहिल्यांदा निघाली ती १९६७ सालीच. पुढे या प्रयोगांतून शिकत ती सुधारत गेली. पण संहिता दिल्लीत छापून निघते आणि घर बांधतो तो गावचा गवंडी. या दोघांची गाठ पडायला आणखी सव्वीस वर्षं आणि फार मोठी किंमत लागली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून लोक झोपलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर धक्का बसला. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. सरकारी आकड्यानुसार मेलेली माणसं आठ हजारांच्या जवळ. पुढच्या वर्षी पुनर्वसनाच्या कामासाठी आमच्यापैकी काही जणांना तिकडे पाठवलं, त्यात मी होतो. औसा तालुक्यात मी दीड वर्ष काढलं.

तिथे पहिल्यांदा मी माळवद नीट पाहिलं. आपल्या देशावरही पूर्वेला धाब्याची घरं असतात, त्याच जातीचं. लाकडी खणांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस कमी, त्यामुळे छप्पर सपाट. पावसाळ्याआधी गळती बंद करायची म्हणून वरून दर वर्षी नवी माती. जुनी कोणी काढत नाही. बापाने घातलेल्या मातीवर मुलगा घालतो आणि थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर जातो. खाली दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, त्याही मातीत रचलेल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं घर म्हणजे खरोखर सुख. दुपारी बेचाळीस अंशांत आत शिरलं की घोंगडी आठवावी.

आणि हेच घर पहाटे चार वाजता कबर झालं. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मधे बारीक दगड आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पदर फाकले, भिंत आत-बाहेर सांडली. कित्येक ठिकाणी लाकडी खण जसेच्या तसे उभे होते आणि भोवतीच्या भिंती भुईसपाट. म्हणजे सांगाडा शाबूत होता, माणसं मेली ती दगड-मातीच्या ओझ्याखाली गुदमरून.

पुनर्वसनात बावन्न गावं दुसरीकडे नव्याने वसवली गेली. घरं अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची, ज्याची जमीन जेवढी त्या मानाने. पण जी गावं हलवायची नव्हती तिथे जुनीच घरं बळकट करण्याचं काम होतं, आणि मला जास्त शिकवलं ते त्या कामाने. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, की झाला आरपार दगड. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकी लाकडं ठोकायची. भिंतीभोवती पट्टी फिरवायची. आणि पहिलं काम, माळवदावरची जादा माती खाली उतरवायची. रुरकीतल्या त्या वॅगनवर सिद्ध झालेले उपाय ते हेच. राजेंद्र आणि रुपल देसाई यांच्यासारखे अभियंते त्या भागात गावोगाव राहून लोकांना हे करून दाखवत होते. लोकांची मात्र जुन्या भिंतीवर श्रद्धा उरली नव्हती. दगडाची भीती इतकी बसली होती की पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघत होते, पण दुरुस्त घरात झोपायला तयार नव्हते.

नव्या वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यात आहे. काँक्रीटचं पक्कं घर मिळालं होतं. त्या बाहेर कडब्याची छपरी घालून तिथे बसलेल्या. म्हटलं, आजी, आत का बसत नाही? म्हणाल्या, "सायेब, हे घर पडायचं न्हाई, पर दुपारी ह्यात बसवत बी न्हाई. पडंल न्हाई आन् गार बी ऱ्हाईल असं बांधता येत न्हाई का?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अभियांत्रिकीत आम्हाला भार शिकवला होता, उष्णता नाही. घर पडू नये हे एका खात्याचं काम आणि घर गार असावं हे पंख्याचं, अशी आमची विभागणी. पण त्या दुसऱ्या बाजूचाही अभ्यास झालेला होता, आणि त्याची सुरुवात तर पुण्यातच झाली होती.

गच्चीवर ऊन पडतं हे कोणीही सांगेल. किती पडतं हे सांगायला मोजावं लागतं. ते मोजण्याचं काम या देशात उभं केलं ॲना मणी यांनी. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे आपण ज्याला सिमला ऑफिस म्हणतो तिथे, रुजू झाल्या. हवामानाची उपकरणं तोवर परदेशातून यायची, ती इथेच बनवण्याची घडी त्यांनी बसवली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभारली. त्या नोंदींतून १९८० साली भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. आज कोणीही सोलर पॅनेल बसवताना जो हिशोब करतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

त्या हिशोबाने आपल्या गच्चीकडे पाहू. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात सपाट जागेवर एका चौरस मीटरला दिवसाला सहा युनिटांहून जास्त ऊर्जा पडते. आपल्या एका विंगची गच्ची अंदाजे दोनशे चौरस मीटर धरली तर रोजची बाराशे युनिट. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भोरला सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं पडतं, सगळा मारा छपरावर. काँक्रीट ही उष्णता घेतं आणि खाली पोचवायला तीन-चार तास लावतं. म्हणून दुपारी अडीचचं ऊन वरच्या मजल्यावरच्या सभासदांना संध्याकाळी सहा-सातला, ऐन घरी परतायच्या वेळी, छतातून भेटतं. पंखा लावला तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. या तक्रारीला खालच्या मजल्यावरचे हसतात ते बरोबर नाही.

पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक जे. के. नायक आणि सहकाऱ्यांनी ऊर्जेचं भान ठेवून इमारती कशा बांधाव्यात याचं एक मार्गदर्शक पुस्तक केलं, २००६ मध्ये. त्यात भारताच्या हवामानाचे सहा प्रकार घेतले आहेत आणि मध्यम हवामानासाठी हिशोबाला गाव घेतलं आहे पुणे. त्यामुळे त्यातलं पुष्कळसं आपल्याला थेट लागू पडतं. मग १४ डिसेंबर २०१८ रोजी केंद्राने घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छपरातून उष्णता किती आत येऊ द्यायची याची मर्यादा ठरली. दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, १.२ वॅट. आपल्यासारखी उघडी स्लॅब तिनाच्या वर जाते. म्हणजे आजच्या मापाने अडीच-तीन पट जास्त.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर या दोन अभ्यासांच्या मधे आहे. माळवदाने गारवा दिला तो वजन देऊन. आता तोच गारवा वजनाशिवाय देता येतो. हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंती उष्णता अडवतात आणि विटेपेक्षा कितीतरी हलक्या असतात. फोमचे दोन इंची बोर्ड मातीच्या जाड थराइतकी उष्णता थोपवतात आणि एका हाताने उचलता येतात. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या पोटात, जिथे काँक्रीट नुसतं भर म्हणून असतं, तिथे मंगलोरी कौलं घातली. काँक्रीट वाचलं, वजन घटलं, उष्णताही थोडी अडली. आमच्या कानंद खोऱ्यातलं कौल असं स्लॅबमध्ये जाऊन बसलेलं पाहिलं की मला बरं वाटतं.

आता आपल्या इमारतीकडे. आपली इमारत पुरी झाली २००० साली. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला आणि केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या पुष्कळांचा खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर सगळ्या भिंती, खाली नुसते कॉलम. हादऱ्यात वरचा भाग एकसंध राहतो आणि सगळा पीळ त्या कॉलमवर येतो. २००२ च्या सुधारित संहितेने सांगितलं की अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीचपट जोर धरून काढा. आपले कॉलम त्या नियमाच्या आधीचे आहेत. याचा अर्थ ते कमकुवतच आहेत असं नाही. याचा अर्थ ते तपासले पाहिजेत, एवढाच. उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं पहिलं नुसतं बाहेरून पाहून झालं. यंदाच्या ऑडिटमध्ये पार्किंगचे कॉलम स्वतंत्रपणे तपासायला सांगावं, त्याला थोडा जास्त खर्च येईल.

आणि गच्ची. तीन सूचना पुढे आल्या आहेत. गच्चीवर फूटभर माती टाकून बाग करावी, पत्र्याची शेड घालावी, किंवा पांढरा रंग मारावा.

बागेची कल्पना उत्साही भगिनी मंडळाची आहे, त्यांची क्षमा मागून सांगतो. ओली माती फूटभर म्हणजे चौरस मीटरला पाचशे ते सहाशे किलो. वापरातल्या गच्चीवर माणसं आणि सामान मिळून धरलेला भार असतो दीडशे किलो. आपण नकळत चौथ्या मजल्यावर माळवद घालायला निघालो आहोत. किंबहुना ते आधीच घातलं आहे. गळती थांबवायची म्हणून २०११ साली आपण जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकला, जुना न काढता. पटत नसेल तर जिन्यातून गच्चीवर जाताना उंबऱ्याकडे पाहा. सुरुवातीला तो पाऊल उचलून ओलांडावा लागायचा, आता पाणी तुंबलं की आत येतं. बागेची हौस प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये, कॉलमच्या रेषेवर, भागवता येईल.

शेडने सावली नक्की मिळेल, बाजू मोकळ्या ठेवल्या तर हवाही खेळेल. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पश्चिम पुणे जिल्ह्यात पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलं आहे. चौथ्या मजल्यावरचा पत्रा उडाला तर तो कुठे पडेल याचा विचार हवा, आणि परवानगीचाही. त्यापेक्षा सावलीच हवी तर सोलर पॅनेलची घ्या. नीट नांगरून बसवलेले पॅनेल स्लॅबवर सावली धरतात आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांची वीज देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला अठरा हजार रुपये अनुदान आहे.

माझं मत विचाराल तर क्रम असा. आधी दोन्ही कोबे खरवडून काढायचे. मग वॉटरप्रूफिंग, त्यावर फोमचे बोर्ड, पातळ काँक्रीट आणि वर पांढऱ्या चायना चिप्स. उरलेल्या दक्षिण बाजूला पॅनेल. नुसता पांढरा रंगही खोटा नाही, स्वस्त आहे आणि पहिल्याच दिवशी फरक दाखवतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि दर दोन उन्हाळ्यांनी पुन्हा मारावा लागतो. पैसे नसतील तर यंदा तो मारावा, माझी हरकत नाही. कोब्यावर तिसरा कोबा मात्र कोणी सुचवू नये.

ऑडिटसाठी एक अडचण आहे. मूळ आर.सी.सी. नकाशांचा संच सोसायटीच्या कपाटात आहे, पण त्यात पार्किंगच्या कॉलमचं पान सापडत नाही. १९९९-२००० मध्ये ज्या सभासदांनी कर्जासाठी बँकेत कागद दिले होते त्यांच्या जुन्या फायलींत एखादी ब्लूप्रिंट असण्याची शक्यता आहे. सर्वांनी माळ्यावरच्या फायली एकदा चाळून पाहाव्यात आणि सापडल्यास सेक्रेटरींकडे द्यावी. घडीवर फाटलेली असली तरी चालेल, सळयांचे आकडे वाचता आले की पुरे.